कीटकनाशक सुरक्षा : शिक्षण, प्रशिक्षण आणि कार्यसंधी

सन 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कारखान्याप्रमाणेच शेत हेही कामाचे ठिकाण आहे आणि तेथेही सुरक्षिततेचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आवश्यक आहे, ही बाब या घटनेने अधोरेखित केली.

कीटकनाशके अधिनियम, 1968 व त्याखालील नियम, 1971 यांनुसार कीटकनाशक विक्रेत्यासाठी शैक्षणिक अर्हता निश्चित आहे. व्यावसायिक कीड नियंत्रकास कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी आणि किमान 15 दिवसांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते. हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था असे प्रशिक्षण देते. तेथीलच ‘मॅनेज’ संस्थेचा ‘देसी’ हा कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. मात्र पाठीवर पंप घेऊन शेतात फवारणी करणाऱ्यास अशी कोणतीही अर्हता लागत नाही. विषाशी सर्वाधिक संपर्क त्याचाच येतो आणि प्रशिक्षण बहुधा त्याच्यापर्यंतच पोहोचत नाही.

ही उणीव भरून काढू शकणाऱ्या सुरक्षा प्रशिक्षकास पुढील बाबींचे ज्ञान हवे :

1. लेबलवाचन : डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग अत्यंत विषारी गट दर्शवितो; त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा विषारीपणा कमी होत जातो.

2. विषशास्त्र व प्रथमोपचार : सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत घाम, चक्कर व मळमळ होते. उन्हाच्या त्रासातही अशीच लक्षणे दिसत असल्याने दुर्लक्ष होते. बाहुल्या बारीक होणे, लाळ गळणे ही विषबाधेची खूण होय. अशा वेळी दूषित कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी आणि लेबलासह रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

3. उपकरणे : गळका पंप दुरुस्त करणे, नोझल तोंडाने न फुंकणे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी करणे.

4. कीटकशास्त्र : किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे काय, हे ओळखता यावे. अनावश्यक फवारणी टाळणे हाच सर्वांत खात्रीचा बचाव होय.

कृषी पदवीधरांसाठी हे सेवेचे व उपजीविकेचे आश्वासक क्षेत्र आहे. तथापि, हे ज्ञान मजुराच्या बोलीत, बांधावर, प्रात्यक्षिकासह पोहोचले तरच प्रशिक्षण सार्थ ठरेल.