‘इंडिका’ : एका लहान मोटारीची वंशकथा

सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घ्यावयास आलेला जाणता मनुष्य प्रथम घोड्याचे दांत पाहतो, मग खूर पाहतो, मग त्यास चालवून पाहतो, आणि सरतेशेवटीं त्याचे आईबाप कोणते हें विचारतो. मोटारगाडी घेणारा मनुष्य पहिल्या तीन गोष्टी आपल्या परीनें करतो. चौथी मात्र सहसा करीत नाहीं. वास्तविक मोटारीसही वंश असतो. तिच्याही पिढ्या होतात, आणि एका पिढीचे गुणदोष दुसरींत उतरतात किंवा दुसरी ते टाकून देते. आमच्या महाराष्ट्रांतच, पुण्याजवळ पिंपरी येथें, जन्मास आलेल्या ‘इंडिका’ नांवाच्या लहान मोटारीची वंशकथा या दृष्टीनें अभ्यासण्यासारखी आहे. आमच्या विद्यार्थ्यांस ती आणखी एका कारणानें जवळची वाटावी. धुळें जिल्ह्यापासून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अस्तित्वांत आला, आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरास इंडिका लोकांपुढें विक्रीस आली. जिल्हा आणि मोटार हीं एकाच सालचीं भावंडें होत.

प्रथम ‘हॅचबॅक’ या शब्दाचा उलगडा करूं. जुन्या अँबॅसडर गाडीची किंवा मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होत असे त्या प्रीमियर पद्मिनीची आकृति डोळ्यांपुढें आणावी. तिचे तीन भाग सहज दिसतात : पुढें एंजिनाची पेटी, मध्यें माणसांची, मागें सामानाची. हॅचबॅक गाडीस ही तिसरी पेटी नसते. माणसें व सामान एकाच छपराखालीं येतात, आणि पाठीमागें कांचेसकट वर उचलला जाणारा दरवाजा असतो. मागची बैठक दुमडली म्हणजे तेथें मिरचीचीं दोन पोतीं सुखानें मावतात. गाडीची लांबी यामुळें कमी होते. परंतु आंतील जागा कमी न होऊं देणें हें खरें कसब आहे. अँबॅसडरमध्यें एंजिन पुढें उभें बसविलेलें, आणि फिरविलीं जात तीं मात्र मागचीं चाकें; म्हणून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागें न्यावा लागे, आणि त्याच्यासाठीं तळाला उंचवटा ठेवावा लागे. त्या गाडींत मागें मधोमध बसणाराचे पाय त्या उंचवट्याच्या दोन बाजूंस कसे अवघडत, हें वडील मंडळींना विचारावें. इंडिकेंत एंजिन आडवें बसविलें आहे व तें पुढचींच चाकें फिरवितें. त्यामुळें तो दांडाही गेला आणि उंचवटाही गेला. बैल गाड्याच्या पुढें जुंपावे हा आमच्या शेतकऱ्याचा जुना निर्णय यंत्रशास्त्रानें उशिरां मान्य केला, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं.

असो. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ही मोटार लोकांच्या हातीं पडूं लागली, तेव्हांपासून मध्यमवर्गीय कुटुंबाची मोटार म्हणजे मारुति, असें समीकरण होऊन बसलें होतें. गाडी उत्तम होती. परंतु तिची रचना जपानांतील सुझुकी कंपनीची होती. आपल्या देशांत गाडी जोडली जाते, परंतु योजिली जात नाहीं, ही उणीव त्या काळच्या पुष्कळांना सलत असे.

ती उणीव भरून काढण्याचें धाडस ज्या कंपनीनें केलें तिचा मोटारीशीं मूळचा संबंध नव्हता. ‘टेल्को’ ही टाटांची कंपनी १९४५ मध्यें आगगाडीचीं एंजिनें करण्यासाठीं जमशेदपूर येथें निघाली, आणि १९५४ मध्यें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून ती मालवाहू ट्रक करूं लागली. पुण्याचा कारखाना उभारला तो सुमंत मुळगांवकर यांनीं. तेथें वाहनें बाहेर पडण्यापूर्वीं त्यांनीं यंत्रें घडविणारीं यंत्रें करण्याचा विभाग काढला आणि कारागीर शिकविण्याची व्यवस्था केली. कळस चढविण्याची घाई न करतां पाया खणीत बसण्याची ही वृत्ति आम्हांस फार मोलाची वाटते. रस्त्यावरील ढाब्यांवर ट्रकवाल्यांच्या पंगतीस बसून ते त्यांच्या गाडीविषयींच्या तक्रारी ऐकत, अशी त्यांची आठवण सांगतात. पुढें १९९४ मध्यें निघालेल्या ‘सुमो’ गाडीचें नांव त्यांच्याच नांवाआडनांवांच्या आद्याक्षरांवरून ठेविलेलें आहे. मुळगांवकर १९८९ मध्यें वारले. इंडिका त्यांनीं पाहिली नाहीं. परंतु ज्या हातांनीं ती घडविली ते हात त्यांच्या कारखान्यांत तयार झाले होते.

रतन टाटा यांची कल्पना बोलण्यांत सोपी होती. गाडी बाहेरून मारुतीच्या ‘झेन’ एवढी आटोपशीर असावी, आंतून अँबॅसडरसारखी ऐसपैस असावी, किंमत मारुति ८०० च्या आसपास असावी, आणि तिला डिझेलचें एंजिन असावें. यांतील शेवटची अट विशेष महत्त्वाची होय. पेट्रोलच्या एंजिनांत तेलाची वाफ व हवा यांचें मिश्रण ठिणगीनें पेटवावें लागतें. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं त्या दाबानेंच ती अतिशय तापते, आणि तप्त हवेंत डिझेलचा फवारा शिरतांच तो आपोआप पेट घेतो. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड कसें गरम होतें हें ज्यानें हात लावून पाहिलें आहे, त्याला हें तत्त्व पुस्तकावांचून कळेल. अशा एंजिनास तेल कमी लागतें. परंतु दाब सोसण्यासाठीं तें भक्कम करावें लागतें, म्हणून तें महाग पडतें, जड होतें व आवाजही अधिक करतें. शिवाय त्या काळीं सरकारी धोरणामुळें डिझेल पेट्रोलपेक्षां बरेंच स्वस्त होतें. सारांश, ज्याला रोज पुष्कळ मैल जावयाचें आहे त्यालाच डिझेल गाडी परवडे. आणि हीच गोष्ट पुढें इंडिकेचें भाग्यही ठरली व बंधनही ठरली.

या उद्योगांत सुमारें १,७०० कोटी रुपये घालण्यांत आले. निसान कंपनीचा ऑस्ट्रेलियांतील कारखाना बंद पडला होता. तेथील यंत्रसामग्री विकत घेऊन, सुटी करून, जहाजांतून आणून पिंपरीस पुन्हां उभारली. बाह्य आकृतीसाठीं इटलींतील ट्यूरिन शहरच्या ‘आय-डी-ई-ए’ या संस्थेचें साहाय्य घेतलें, आणि एंजिनाच्या कामीं फ्रेंच तज्ज्ञांचा सल्ला घेतला. यावरून ही गाडी स्वदेशी कशी, असा आक्षेप कित्येकांनीं घेतला. आमचें मत निराळें आहे. शिकवणी कोणाचीही लावावी. उत्तरपत्रिका ज्यानें स्वतः लिहिली तिचे गुण त्याचेच. गाडी कशी असावी हें ठरविणारे, तिच्या आराखड्याचे मालक, आणि तिच्या अपयशाचे धनी, हे सर्व येथलेच होते.

आणि अपयश लवकरच आलें. जानेवारी १९९८ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत गाडी दाखविली तेव्हां लोकांची झुंबड उडाली. विक्रीची घोषणा झाल्यावर एका आठवड्यांत सुमारें १,१५,००० लोकांनीं आगाऊ पैसे भरून मागणी नोंदविली. १,४०५ घन सेंटिमीटरांचें एंजिन, पांच जणांची प्रशस्त बैठक, आणि साध्यांतील साध्या नमुन्याची किंमत सुमारें २ लाख ६० हजार रुपये! ज्या कुटुंबांत आजवर कोणी मोटार पाहिली ती दुसऱ्याच्याच दारांत, अशांनींही सांठविलेली पुंजी मोकळी केली. परंतु गाड्या रस्त्यावर येतांच तक्रारी सुरू झाल्या. एंजिनाचा आवाज फार, टायर लवकर झिजतात, खालचे सांधे खडखडतात, बारीकसारीक भाग निखळतात. जनतेचा विश्वास जितका लवकर बसला होता तितकाच लवकर उडूं लागला. सन २०००-०१ या वर्षीं कंपनीस सुमारें ५०० कोटी रुपयांचा तोटा आला. मोटारीचा धंदा अमेरिकेंतील फोर्ड कंपनीस विकून टाकावा म्हणून १९९९ मध्यें बोलणीं झालीं व त्यांत अपमान पदरीं आला, असें टाटांबरोबर गेलेल्या एका अधिकाऱ्यानें पुढें सांगितलें.

येथें कंपनीपुढें दोन मार्ग होते. गाडीचें नांव बदलून, तिला नवा रंग व नवा मुखवटा देऊन, जुन्या गिऱ्हाइकांस विसरून जाणें हा एक. दुसरा मार्ग खर्चाचा होता, आणि कंपनीनें तोच पत्करला. विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांतील सदोष भाग तिनें आपल्या खर्चानें बदलून दिले. आणि त्या तक्रारींच्याच आधारें गाडीची नव्यानें दुरुस्त केलेली आवृत्ति २००१ मध्यें काढली. तिचें नांव ‘इंडिका व्ही-टू’, म्हणजे दुसरी आवृत्ति. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तींत शुद्धिपत्र छापण्याऐवजीं प्रत्यक्ष मजकूरच शुद्ध करावा, तसें हें झालें.

आतां पिढी कशास म्हणावें याचा विचार करूं, कारण येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें गाडीचा सांगाडा, म्हणजे तळ, चाकांतील अंतर, एंजिन व चाकें बसविण्याच्या जागा, हीं बदललीं कीं नवी पिढी झाली. दिवे बदलले, बैठकीचें कापड बदललें, एवढ्यानें पिढी बदलत नाहीं. तो केवळ नवा पोशाख. या व्याख्येनें पाहिलें तर व्ही-टू ही नवी पिढी नव्हे. सांगाडा तोच होता. खरी दुसरी पिढी म्हणजे ऑगस्ट २००८ मध्यें आलेली ‘इंडिका व्हिस्टा’. तरीही जन्म कोणाचा महत्त्वाचा असें विचाराल, तर आम्ही व्ही-टूचें नांव घेऊं. व्हिस्टा आली तेव्हां कंपनीजवळ अनुभव होता, पैसा होता. त्याच वर्षीं तिनें फोर्डकडूनच जॅग्वार व लँड रोव्हर या दोन नामांकित इंग्रजी कंपन्या विकत घेतल्या. व्ही-टूच्या वेळीं तिच्याजवळ तोटा आणि लोकांच्या तक्रारी यांवांचून फारसें कांहीं नव्हतें.

व्ही-टूचा खप झपाट्यानें वाढला, आणि कोणीं योजिलें नव्हतें असें एक स्थान तिला मिळालें : ती भाड्याची गाडी झाली. पांच माणसें, थोडें सामान, डिझेलचा अल्प खर्च. टॅक्सीवाल्यास याहून अधिक काय पाहिजे? विमानतळापासून तालुक्याच्या मोटारतळापर्यंत पांढऱ्या इंडिका उभ्या दिसूं लागल्या. आमच्याकडे आडगांवीं जाणाऱ्या प्रवाशांची मदार जीपगाड्यांवर. चांदसैलीच्या घाटांत लहान मोटारीचा निभाव कठीणच. परंतु नंदुरबार, शहादें, नवापूर येथून आजाऱ्यास रातोरात सुरतेस किंवा धुळ्यास न्यावयाचें झालें, तर मागच्या बैठकीवर त्याला आडवें करून नेणारी गाडी पुष्कळदां इंडिकाच असे. एका गाडीवर हप्ते फेडून मुलांचीं शिक्षणें करणारे चालक आमच्या पालकवर्गांतही आहेत.

याच कीर्तीनें तिचें एका परीनें नुकसानही केलें. “ही तर टॅक्सी” म्हणून हौशी कुटुंबें तिच्याकडे पाठ फिरवूं लागलीं. हा दोष गाडीचा नव्हे, पाहणाराच्या दृष्टीचा, असें आमचें स्पष्ट मत आहे. जी वस्तु रोज दोनशें मैल राबते तिला हलकी लेखावी आणि जी दारांत उभी राहते तिला मान द्यावा, यांत शहाणपण कोणतें? परंतु बाजार शिक्षकाचें मत विचारीत नाहीं.

विलायतेंतही तिचें नशीब उघडलें नाहीं. २००३ मध्यें रोव्हर कंपनीनें तिला ‘सिटीरोव्हर’ या नांवानें इंग्लंडांत विकावयास घेतलें. किंमत मात्र अवाजवी ठेविली. २००५ मध्यें ती कंपनीच बुडाली व प्रकरण संपलें. त्यानंतर २००६ च्या अंदाजपत्रकांत एक चमत्कारिक गोष्ट झाली. चार मीटरांहून लांब नसलेल्या, आणि पेट्रोलचें एंजिन १,२०० किंवा डिझेलचें १,५०० घन सेंटिमीटरांच्या आंत असलेल्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. इंडिकेचें डिझेल एंजिन या मापांत आपोआप बसलें. पेट्रोलचें बसेना, म्हणून तें लहान करावें लागलें. यंत्राचें माप कित्येकदां अर्थमंत्र्यांच्या लेखणीनें ठरतें तें असें.

व्हिस्टामध्यें चाकांतील अंतर २४० सेंटिमीटरांवरून २४७ झालें, आणि पुणें जिल्ह्यांतीलच रांजणगांव येथें फियाट व टाटा यांच्या भागीदारींत होणारें १,२४८ घन सेंटिमीटरांचें डिझेल एंजिन तिला मिळालें. हें एंजिन जुन्याहून शांत व चपळ होतें. गाडी चांगली होती. पण तोंवर प्रतिस्पर्धीही चांगले झाले होते, आणि जुनी इंडिका तिच्याच शेजारीं भाड्याच्या धंद्यासाठीं विकली जात राहिल्यामुळें थोरलीची सावली धाकटीवर पडली. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे भाव महिन्यामहिन्यानें चढूं लागले, ऑक्टोबर २०१४ मध्यें सरकारी नियंत्रण उठलें, आणि ज्या स्वस्ताईवर इंडिकेचें गणित उभें होतें ती ओसरली. २०१५ मध्यें व्हिस्टाच्याच सांगाड्यावर आलेल्या गाडीस इंडिका हें नांव न देतां ‘बोल्ट’ असें ठेविलें. २०१६ ची ‘टियागो’ गुजराथेंतील साणंद येथें होऊं लागली. तिचें नांव प्रथम ‘झिका’ ठेविलें होतें, परंतु त्याच नांवाच्या रोगाची साथ आल्यामुळें तें ऐन वेळीं बदलावें लागलें.

मूळ इंडिकेचें उत्पादन २०१८ मध्यें थांबलें, म्हणजे तिला वीस वर्षांचें आयुष्य लाभलें. पिंपरींत २०२० पासून ‘अल्ट्रोझ’ ही दुसरी हॅचबॅक होऊं लागली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घेतां येते. या हिशोबानें शेवटच्या खासगी इंडिकांची पहिली मुदत २०३३ पर्यंत पुरेल. आमच्याकडच्या इंडिकांपैकीं कांहींवर धुळ्याचा एम-एच १८ हा क्रमांक आहे, कांहींवर आमच्या जिल्ह्याचा ३९.