सुगंधी तेल आणि पाणी : थर ओळखा, मगच तोटी उघडा

गवती चहा, रोशा गवत, दालचिनीची पाने यांपासून तेल काढण्यासाठी वाफेवर चालणारे ऊर्ध्वपातन यंत्र वापरतात. कंडेन्सरमधून तेल व पाणी एकत्रच बाहेर पडते. ते वेगळे करताना झालेल्या चुकीमुळे हाती आलेले तेल पाण्याबरोबर वाहून जाते.

तेल वर की खाली?
तेल नेहमी पाण्यावर तरंगते, हा समज बरोबर नाही. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०० धरल्यास गवती चहा व रोशा गवताच्या तेलाचे ते सुमारे ०.८८ ते ०.९० असते, ही तेले वर येतात. लवंग व दालचिनीच्या पानांचे तेल पाण्यापेक्षा जड, सुमारे १.०४ असते, ते तळाशी बसते. वाळ्याचे तेल जवळजवळ पाण्याइतकेच जड असल्याने सावकाश वेगळे होते.

खात्री कशी करावी?
प्रयोगशाळेतील साधी पद्धत घरीही करता येते. काचेच्या नळीत दोन्ही थर थोडे घ्यावेत व वरून पाण्याचे २-३ थेंब सोडावेत. थेंब वरच्या थरात मिसळून गेले तर तो थर पाण्याचा. मण्यांसारखे खाली उतरले तर वरचा थर तेलाचा.

थर वेगळे करणे
१. विभाजक भांडे हलवू नये. दोन्ही थरांमधील रेषा स्पष्ट होऊ द्यावी.
२. झाकण सैल करून तोटी उघडावी व खालचा थर सावकाश काढावा.
३. रेषा तोटीजवळ येताच धार कमी करावी. मधला दुधी थर वेगळ्या भांड्यात घ्यावा.

दुधी थर
हा थर रात्रभर तसाच ठेवावा. हलक्या तेलात तरीही न फुटल्यास थोडे मीठ विरघळवावे. पाणी जड होऊन तेल लवकर वर येते. मात्र लवंग-दालचिनीच्या तेलात मीठ घालू नये. खारे पाणी तेलापेक्षा जड झाल्यास थर उलटतात आणि पाणी समजून तेलच सोडून दिले जाते.

साठवण
तेलातील उरलेला ओलावा निर्जल सोडियम सल्फेटने काढावा. भुकटीचे गोळे होत असतील तर ओलावा शिल्लक आहे असे समजून आणखी थोडी घालावी. नंतर तेल गाळून गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे व भट्टीपासून दूर, सावलीत ठेवावे.

थराची खात्री होईपर्यंत कोणताही थर फेकू नये.