मोटारीच्या बॅटरीचा स्फोट : कारणे व दक्षता

धान्याच्या व्यापाऱ्याला अग्नीचे भय नव्याने सांगावे लागत नाही. वखारीत विडी ओढू नये, पोत्यांच्या थप्पीजवळ उघडा दिवा नेऊ नये, वाळूच्या बादल्या सदैव भरलेल्या असाव्यात, हे संस्कार पेढीवर बसू लागल्या दिवसापासून आमच्यावर झालेले आहेत. परंतु मालाची ने-आण करणाऱ्या गाडीत, आणि आता तर दुकानात व घरातही, आपण अशी एक वस्तू बाळगतो की जिच्याकडे पाहून हे भय मनाला शिवतही नाही. ती वस्तू म्हणजे बॅटरी. तिचा स्फोट होऊ शकतो हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. आमच्या चुकीने दुसऱ्यास इजा झाली तेव्हा कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

सन 2009 च्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे तांदळाची पोती रवाना करावयाची होती. आदल्या रात्री टेंपो सेल्फ घेईना, म्हणून बॅटरी उतरवून वखारीलगतच्या लहान खोलीत रात्रभर चार्जिंगला लावली. थंडी असल्यामुळे खिडकी बंद होती. पहाटे पाचच्या सुमारास आम्ही चालकास घाई करू लागलो. तो म्हणाला, "अण्णा, आधी बटन बंद करतो, थोडा वेळ थांबू या." आम्ही उत्तरलो, "आता थांबायला वेळ कुठे आहे? काढ ते चिमटे आणि चढव गाडीवर!" बिचाऱ्याने चालू विजेवरच चिमटा ओढला. ठिणगी उडाली आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. बॅटरीचे झाकण फुटून आतील अ‍ॅसिड त्याच्या तोंडावर उडाले.

आम्ही "तेल आणा, दूध आणा" असे ओरडत राहिलो. शाळेची पायरीही न चढलेला आमचा एक वृद्ध हमाल मात्र त्याला धरून हौदाशी घेऊन गेला व त्याच्या डोळ्यांवर तांब्यामागून तांब्या पाणी ओतीत राहिला. त्या पाण्याने एक डोळा वाचला, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. दुसऱ्या डोळ्याची दृष्टी कायमची मंदावली. औषधपाण्याचा सर्व खर्च आम्ही केला, त्याचा पगारही चालू ठेवला. पण डोळ्याचा जमाखर्च कोणत्याही खतावणीत जुळत नाही.

हे का घडले, याचा पुढे आम्ही जाणत्या माणसांकडून बारकाईने शोध घेतला. तो येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सन 1859 मध्ये तयार केली. तीत पुष्कळ सुधारणा झाल्या असल्या, तरी आपल्या गाड्यांतील नेहमीची बॅटरी अद्याप त्याच तत्त्वावर चालते. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लमिश्रित पाण्यात बुडालेल्या असतात. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतील या द्रवात वजनाने एकतृतीयांशाहून थोडे अधिक अम्ल असते.

बॅटरी चार्ज होत असता तिच्या पट्ट्या वीज साठवितात. परंतु पट्ट्या भरत आल्या की पुढे येणाऱ्या विजेला दुसरे काम उरत नाही. ती पाण्याचेच विघटन करू लागते. पाण्यापासून हायड्रोजन व प्राणवायू निघतात, ते दोन भाग व एक भाग या प्रमाणात. आणि स्फोटास सर्वांत अनुकूल असे प्रमाण हेच होय. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत तो शेकडा 4 पासून शेकडा 75 पर्यंत कितीही असला तरी पेट घेतो, आणि त्यासाठी अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते.

यात किती वायू निघतो, याचा हिशेब व्यापाऱ्यास लवकर पटेल. पूर्ण भरलेल्या बॅटरीत 10 अँपिअरचा प्रवाह आणखी एक तास चालू राहिला, तर सहा कप्प्यांतून मिळून सुमारे 25 लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. एवढा वायू 600 लिटर हवेला ज्वालाग्राही करण्यास पुरेसा आहे. आमच्या खोलीत चार्जर रात्रभर चालू होता आणि खिडकी बंद होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक चूक आमच्या पदरी होती. बॅटरीतील पाणी कित्येक महिन्यांत कोणी पाहिलेच नव्हते. पाण्याची पातळी उतरली की पट्ट्या उघड्या पडतात, वर वायू साठण्यास जागा वाढते, आणि आतल्या आत ठिणगी पडण्याचाही संभव असतो. डिस्टिल्ड वॉटरच्या एका बाटलीची किंमत ती काय! पण पोत्याच्या सुतळीचाही हिशेब ठेवणारे आम्ही, ही बाटली आणावयास विसरलो.

सारांश, स्फोटास दोन गोष्टी लागतात : साठलेला वायू आणि ठिणगी. वायू निघणे सर्वस्वी टाळता येत नाही. तो साठू न देणे व ठिणगी दूर ठेवणे हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

(1) चार्जिंग मोकळ्या, वारा खेळत्या जागी करावे. जवळ विडी, उदबत्ती, शेगडी किंवा काडेपेटी असू नये. पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी तर कदापि ओढू नये, विजेरी वापरावी.

(2) चिमटे लावताना व काढताना चार्जरचे बटन आधी बंद असलेच पाहिजे. बंद केल्यावरही वायू निघून जाण्यास थोडा अवधी द्यावा.

(3) गाडीतून बॅटरी काढताना ऋण टोकाची तार आधी सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. ज्या गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते, त्यांत असे केल्याने पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीवर पाना किंवा पक्कड ठेवू नये.

(4) दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सेल्फ मारावयाचा असेल, तर प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची घन टोके जोडावीत. मग चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला दुसरी तार जोडून तिचे उरलेले टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. ती वायूपासून लांब उडावी, एवढाच यातील हेतू.

(5) पाणी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. अ‍ॅसिड घालू नये.

(6) बॅटरी फुगली, हाताला फार गरम लागली किंवा सडलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी आली, तर भिंतीवरील मुख्य बटन बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात व दूर राहावे.

(7) पाणी घालावे न लागणाऱ्या बंद बॅटरीसही निर्धोक समजू नये. वाजवीपेक्षा अधिक चार्ज झाल्यास तिच्यातूनही वायू बाहेर पडतो. लिथियमच्या बॅटरीची रचना निराळी व तिचे धोकेही निराळे. तिला हे नियम पुरेसे नाहीत.

इतकी दक्षता घेऊनही अपघात झालाच, तर तेल, तूप, दूध किंवा सोडा डोळ्यात घालू नये. डोळा चोळू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार किमान 20 मिनिटे चालू ठेवावी, अ‍ॅसिड सांडलेले कपडे अंगावरून काढावेत, आणि मग विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरांना बोलावण्यात पहिली मिनिटे घालवू नयेत. ती मिनिटे पाण्याची आहेत.

आमच्या भगिनींनाही एक विनंती. घरोघरी आता इन्व्हर्टर आले आहेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कोनाड्यात किंवा फडताळात ठेवल्या जातात. पुष्कळ घरी शेजारीच देवघर असते, तेथे समई व उदबत्ती तेवत असते. बॅटरीची जागा बदलावी, तिला वारा मिळेल असे करावे, आणि दर महिन्यास पाण्याची पातळी पाहण्याचा एक दिवस ठरवून टाकावा.

आज आमच्या वखारीत चार्जर उघड्या ओसरीत असतो. जवळ पाण्याने भरलेली घागर व डोळ्यांवर लावावयाचा चष्मा असतो. हमालांपासून मुनीमजींपर्यंत सर्वांना हे नियम तोंडपाठ आहेत. पण या सर्वांहून मोठा असा एक नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे, आणि व्यापारी बंधूंनी तो अवश्य स्वीकारावा. काम करणाऱ्या माणसाने "थोडे थांबू या" असे म्हटले, तर मालकाने थांबावे. त्या पहाटे आम्हांस पाच-दहा मिनिटे वाचवावयाची होती. ती वाचली नाहीतच. तो माल दुसऱ्या दिवशी गेला. आमचा चालक मात्र तेव्हापासून पुन्हा गाडी चालवू शकला नाही.