पाकट मासा व शिंपी पक्षी : एक तुलनात्मक पाठ

एका शाळेत पाठ पाहत असता एका मुलीने पाकट माशाचे चित्र पाहून विचारले, "गुरुजी, याला पंख आहेत, मग हा पक्षी का नव्हे?" वर्ग हसला आणि मुलगी खाली बसली. वस्तुतः वर्गीकरणाचा सारा पाठ त्या प्रश्नात सामावलेला होता. तो कसा घ्यावा, हे पुढे दिले आहे.

उदाहरण एकाच नदीचे घ्यावे. कंबोडियात मेकाँग नदीत १३ जून २०२२ रोजी एका कोळ्याला ३०० किलो वजनाचा व सुमारे ४ मीटर लांबीचा पाकट मासा सापडला. नोंद झालेल्या गोड्या पाण्यातील माशांत तो सर्वांत वजनदार ठरला. त्याच नदीच्या पूरमैदानातील दाट झुडपांत एक चिमुकला गाणारा पक्षी राहतो. राजधानी नॉम पेन्ह येथे तो २००९ मध्ये प्रथम लक्षात आला व २०१३ मध्ये नवी जाती म्हणून वर्णिला गेला. पाने शिवून घरटे करणारा आपल्याकडील शिंपी हा त्याचाच भाऊबंद. त्याचे वजन अवघे ६ ते १० ग्रॅम असते.

प्रथम साम्य सांगावे : दोघांनाही पाठीचा कणा आहे. नंतर भेद मुलांकडूनच काढून घ्यावेत. पाकटाचा सांगाडा कूर्चेचा, पक्ष्याचा हाडांचा. पाकट कल्ल्यांनी श्वसन करतो, पक्षी फुप्फुसांनी. पक्षी अंडी घालतो, पाकटाची मादी मात्र पिलांना जन्म देते. 'सर्व मासे अंडी घालतात' असे घोकलेल्या मुलांना येथे आश्चर्य वाटेल. ते वाटू द्यावे.

आता मूळ प्रश्न. पाकटाचे 'पंख' म्हणजे रुंद झालेले छातीचे पर; पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे पुढचे अवयव. दोन्ही खांद्याच्याच जागी असतात. म्हणजे मुलीचे निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष तेवढा घाईचा होता. पंख वटवाघळालाही असतात. पक्षी ओळखावा तो पिसांवरून.

त्या कोळ्याने संशोधकांना कळविले; माशाला खूणयंत्र बसवून तो नदीत जिवंत सोडण्यात आला. आणि राजधानीतला पक्षी २००९ पर्यंत कोणी नीट पाहिलाच नव्हता. शिक्षक बंधुभगिनींनी यावरून इतकेच ध्यानी घ्यावे की, पाहून प्रश्न विचारणारे मूल वर्गात खाली बसता कामा नये.