लेखणी आणि तलवार : झाँ जोझेफ-रनो
विद्यार्थिमित्रांनो, जो पुस्तकांत रमतो तो आखाड्याकडे फिरकत नाहीं, आणि ज्याला आखाड्याची गोडी लागली त्याचीं पुस्तकें धूळ खात पडतात, असा आपल्यांत एक समज आहे. हा समज खोडून काढणारें एक चरित्र आज सांगावयाचें आहे.

झाँ जोझेफ-रनो याचा जन्म १८७३ सालीं पॅरिस शहरीं झाला. त्या काळीं तेथें वर्तमानपत्रांतील एखाद्या बोचक वाक्यावरून लेखकास द्वंद्वयुद्धाचें आव्हान येई. पुढें जगप्रसिद्ध झालेला कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हाही १८९७ सालीं एका टीकालेखामुळें पिस्तूल घेऊन मैदानांत उतरला होता. सुदैवानें कोणासही इजा झाली नाहीं. अशा समाजांत तलवार शिकणें ही केवळ करमणूक नव्हती.

जोझेफ-रनो १९०० सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत तलवारबाजीसाठीं उतरला. पदक मिळालें नाहीं. तरी १९०८ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, तो लंडनच्या सामन्यांत पुन्हां उभा राहिला. तेथेंही पदक त्याच्या वांट्यास आलें नाहीं.

या सर्व काळांत लेखणी थांबली नव्हती. कादंबऱ्यांखेरीज त्यानें ऑस्कर वाइल्डच्या एका निबंधसंग्रहाचें भाषांतर १९०५ सालीं प्रसिद्ध केलें. वाइल्डशीं झालेल्या एका भोजनप्रसंगाची त्यानें लिहिलेली आठवण वाचनीय आहे. आरंभीं वाइल्डच्या कृत्रिम बोलण्यानें मंडळी निराश झाली. पण भोजनोत्तर तो असा कांहीं बोलूं लागला कीं, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. आपलें पहिलें मत चुकीचें ठरलें, हें त्यानें मोकळेपणानें नमूद केलें.

१९१२ सालीं त्यानें रस्त्यावरील आत्मसंरक्षणावर ग्रंथ लिहिला. नियमांनीं बांधलेल्या खेळांत निपुण असलेला मनुष्यही गुंडापुढें गोंधळतो, हें ओळखून त्यानें मुष्टियुद्ध, जपानी जुजुत्सु व हातांतील काठी यांचा उपयोग त्यांत समजाविला. १९५३ सालीं तो निवर्तला.

द्वंद्वयुद्धाची ती चाल लयास गेली, हें बरेंच झालें. परंतु लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच असते, ही त्यामागील जाणीव मात्र टाकण्याजोगी नाहीं. पालकांनींही मुलाच्या पेटींत बक्षिसें किती, एवढेंच पाहूं नये. हरल्यावर तो पुन्हां मैदानांत उतरतो कीं नाहीं, हें पाहावें.