गुंगीतील जनावराचे डोळे

गुंगीचे औषध दिले की जनावर झोपी गेले असे आपण म्हणतो. परंतु ती खरी झोप नव्हे. झोपलेले कुत्रे पापण्या मिटते. गुंगीतला पांढरा उंदीर मात्र डोळे सताड उघडे ठेवून पडतो. त्यातच खरा धोका आहे.

पापणी लवते तेव्हा ती अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरवते. प्रयोगशाळांत उंदरांना बहुधा केटामीन व झायलाझीन ही औषधे एकत्र टोचतात. त्यांनी पापणी लवणे थांबते, अश्रूही कमी होतात. मग बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून धुरकट होऊ लागतो. इतकेच नव्हे, आतले भिंगही दुधासारखे पांढरे होते. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या औषधांनी उंदरांना असा तात्पुरता मोतीबिंदू होतो असे दाखविले गेले. जनावर शुद्धीवर आले की हा मोतीबिंदू ओसरतो. परंतु वरचा पडदा फार वेळ सुकला तर त्यास जखम होऊन कायमचा डाग राहू शकतो.

आमचे काही वाचक म्हणतील, ज्या उंदरांना आम्ही शेतात विष घालतो त्यांच्या डोळ्यांची एवढी चिंता कशाला? शेतातल्या उंदराने आपले धान्य खाल्ले; पिंजऱ्यातल्याने आपले काहीच खाल्लेले नाही, त्याला आपणच तेथे आणले आहे. शिवाय एखादे नवे औषध तपासताना उंदराचा डोळा पांढरा झाला, तर दोष औषधाचा की गुंगीचा, हे कसे कळावे?

उपाय अगदी साधा आहे. गुंगी चढताच दोन्ही डोळ्यांत डोळ्यांसाठीचे साधे, ओलावा टिकविणारे मलम घालावे. थेंबांपेक्षा मलम अधिक वेळ टिकते. काम लांबले तर पुन्हा घालावे. नळीचे टोक डोळ्यास लावू नये. शक्य असेल तेथे पापण्या अलगद मिटून ठेवाव्यात. पापणी मिटलेली असली तर भिंग पांढरे होत नाही, हे प्रयोगांत दिसून आले आहे. थंडीनेही कोवळ्या उंदराचे भिंग पांढरे होते, म्हणून अंग उबदार ठेवावे. मात्र ऊब खालून द्यावी. दिव्याचा झोत तोंडावर धरला तर आपणच डोळा सुकवितो! झायलाझीनवर अ‍ॅटिपामेझोल हा उतारा आहे. तो वेळेवर दिला तर गुंगी लवकर उतरते आणि डोळे उघडे राहण्याचा काळ घटतो.

हेच झायलाझीन जनावरांचे डॉक्टर आपल्या बैलालाही टोचतात. गाईबैलांना ते फार चढते, घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यानेच काम भागते. म्हणून ते डॉक्टरांच्याच हातून द्यावे. आडव्या पडलेल्या बैलाचा खालचा डोळा मातीत, कडब्याच्या काडीवर किंवा दाव्याच्या गाठीवर घासतो, तर वरचा उन्हात सुकतो. तेव्हा बैल सावलीत पाडावा, डोक्याखाली मऊ गोणपाट घालावे, मलमाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. घरात पडून असलेले जुने मलम मात्र मुळीच वापरू नये. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यास जखम असेल, तर ती जखम चिघळते. बैल उठल्यावर डोळा मिचकावतो का, पाणी गळते का, बुबुळावर निळसर झाक आली का, हे दोन दिवस पाहावे. तसे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.