टीसी सगळ्यात शेवटी काढा

अकोला–अमरावती रस्त्यावर, लोणी ते माना या पट्ट्यात, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यानं माझ्या भाचीची टीसी अकोल्याहून अमरावतीला यायला अकरा दिवस लागले. वडिलांची बदली झाली, घर अमरावतीला आलं, आणि बीएचं पहिलं वर्ष मानसशास्त्र घेऊन पार पाडलेली ही मुलगी २०२५ च्या जुलैत इथल्या एका महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली. आतून उत्तर आलं, "आधी टीसी आना, मंग पाहू."

टीसी आणली. मग त्यांनी पाहिलं. मानसशास्त्र होतं, पण तिनं अकोल्यात सोबत घेतलेला गौण विषय इथं शिकवतच नव्हते. नवा गौण विषय घ्या, आणि त्याचे पहिल्या वर्षाचे पेपर जादाचे म्हणून द्या. परत जावं तर तिथली जागा टीसीबरोबरच गेलेली. फी फारशी गेली नाही. गेली ती वेळ, आणि अशा बदलीत सगळ्यात महाग पडते ती तीच.

म्हणून क्रम उलटा ठेवा. टीसी काढण्याआधी नव्या महाविद्यालयाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: जागा आहे, मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळेल, आणि तुमचे आधीचे अमुक इतके क्रेडिट धरले जातील. "बघू, होऊन जाईल" याला लेखी म्हणत नाहीत. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला तरी पुढे बोलायला हातात काहीतरी राहतं.

आता हिशेब. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट आहे. सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०. एक वर्ष करून तुम्ही आलात, म्हणजे चार सत्रं उरली. प्रत्येक सत्र २२ चं धरलं तरी चार सत्रांत ८८ च होतात. १२० मधून ८८ वजा करा: ३२. पहिल्या वर्षाच्या ४०-४४ क्रेडिटपैकी निदान ३२ नव्या ठिकाणी मानले गेले, तरच पदवी वेळेवर. ३० मानले तर दोन क्रेडिटसाठी एक सत्र लांबतं, नाहीतर एखाद्या सत्रात जादा ओझं घ्यावं लागतं. हा ३२ चा आकडा कागदावर लिहून खिडकीशी जा.

नुसती बेरीज जुळूनही भागत नाही. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे वेगवेगळे बास्केट आहेत. भाषेचे आणि मूल्यशिक्षणाचे क्रेडिट सहसा बिनबोभाट उतरतात. अडतं ते मुख्य आणि गौण विषयात. जुन्या आणि नव्या महाविद्यालयाची विषयांची यादी शेजारी ठेवून पेपरागणिक टिक करत जा. तासाभराचं काम आहे, पण ते प्रवेशाआधीचं.

तुम्ही कुठून येता यावर बाकीचं ठरतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे पाचही जिल्हे एकाच, म्हणजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात आहेत. अकोल्याहून अमरावतीला किंवा उलट आलात तर विद्यापीठ तेच राहतं. मायग्रेशन प्रमाणपत्र लागत नाही, जुन्या महाविद्यालयाचं ना-हरकत पत्र, टीसी आणि गुणपत्रिका एवढंच. नागपूर किंवा पुण्याहून येत असाल तर मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र आणि समकक्षता, अशी तीन टेबलं वाढतात. शिवाय एक अट बहुतेकांना उशिरा कळते: विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेच्या २०२१ च्या नियमांत, पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात. १२० चे निम्मे ६०. दोन वर्षं बाहेरच्या विद्यापीठात काढून तुम्ही तिसऱ्या वर्षाला इथं आलात, तर दोन सत्रांत फार तर ४४ होतील. म्हणजे तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलणं म्हणजे जवळजवळ नक्की एक जादा सत्र. बदलायचंच असेल तर दुसऱ्या वर्षाच्या आरंभी बदला.

इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स सोडून मानसशास्त्राकडे वळणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासूनच सुरुवात धरावी. भाषेचे वगैरे जे क्रेडिट धरले जातील ते नफ्यात.

क्रेडिट बँकेचं खातं डिजिलॉकरमधून निघतं, क्रमांक बारा आकडी. जुन्या महाविद्यालयानं तुमचे क्रेडिट चढवलेत का, हे तिथं शिकत असतानाच तपासा. एकदा टीसी घेतलेला विद्यार्थी म्हणजे त्या कार्यालयाच्या लेखी लग्न होऊन गेलेली लेक. जमा क्रेडिट सात वर्षं टिकतात, त्यामुळे घरच्या अडचणीनं खंड पडला तर सगळं पाण्यात जात नाही. खंडाचा प्रश्न मात्र प्रत्येक टेबलावर विचारला जाईल, उत्तराचा कागद तयार ठेवा.

पैशाकडे येऊ. अनुदानित तुकडीत बीएची फी काही हजारांत असते. तोच विषय विनाअनुदानित तुकडीत असेल तर आकडा वेगळा, म्हणून फी विचारण्याआधी तुकडी कोणती ते विचारा. खरा खर्च राहण्याचा. समजा गाडगेनगरच्या बाजूला खोलीतला तुमचा वाटा महिन्याला २५००, मेस ३०००, वरखर्च १०००. महिन्याचे ६५००, दहा महिन्यांचे ६५,०००. वाया गेलेलं एक वर्ष म्हणजे हे ६५ हजार आणि पुढे लागणाऱ्या नोकरीचा एका वर्षाचा पगार. आपापले आकडे घालून बघा, एक सत्र वाचवण्यासाठी चार हेलपाटे परवडतात.

अपडाऊन करणारेही आहेत. एकेरी दोन तास धरले तर रोज चार तास रस्त्यात. चार क्रेडिटच्या पेपरला वर्गात ६० तास बसावं लागतं, आणि पंधरा दिवसांच्या येण्याजाण्यात तेवढेच तास जातात. पैशांत मात्र अपडाऊन स्वस्त. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, आणि रेल्वेत पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते महाविद्यालय दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. अकोल्याच्या किती मुलींना हे ठाऊक आहे, कोण जाणे. महाविद्यालयाचा सहीशिक्क्याचा दाखला लागतो, आणि पास सगळ्या गाड्यांत चालत नाही. रेल्वेनं बडनेऱ्याला उतरलात तर पुढचा ऑटो वेगळा धरा.

महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज जुन्या महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून असेल तर तो निकाली काढल्याशिवाय निघू नका. तुम्ही इकडे आलात की तिकडे त्यावर बोट ठेवणारं कुणी उरत नाही.

प्रवेश रद्द करताना "फी परत मिळत नाही" असं सर्रास सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना वेगळं सांगते. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा जास्त असतील तर पूर्ण फी परत, प्रक्रिया शुल्क तेवढं कापून. त्याहून कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, नंतर शून्य. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला त्याच अधिसूचनेत मनाई आहे. ऐकत नसतील तर महाविद्यालयाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. अर्ज लेखीच द्या.

लवकर संपवता येईल का, असं हुशार मुलं विचारतात. जादा क्रेडिट घेऊन तीन वर्षांची पदवी एका सत्रानं आधी संपवायची मुभा आयोगानं दिली आहे, पण ती पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच मागावी लागते. बदली होऊन येणाऱ्याची ती गाडी बहुधा सुटलेली असते. चौथ्या वर्षाच्या ऑनर्सचं म्हणाल, तर तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, एमएपर्यंत वर्षं पाचच.

त्यापुढचंही आजच बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसत्या बीए-एमएवर ती होत नाही. आणि "वर्ष गेलं तर बाहेरून करू" हा जुना वऱ्हाडी उपाय आता या विषयाला चालत नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगानं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन नवे प्रवेश बंद केले. कुणी माहितीपत्रिका घेऊन दारी आलं तर तिची तारीख विचारा.

राहिलं प्रात्यक्षिकाचं जर्नल. सही जुन्या विभागाची असते, आणि नवे सर ती मानतीलच असं नाही. प्रमाणित जर्नलची झेरॉक्स ठेवा, मूळ प्रत कुणाला देऊ नका. भाचीला आरशात बघून तारा गिरवण्याचा प्रयोग इथं पुन्हा करावा लागला. उजव्या हाताचा सराव डाव्याच्या कामी येतो का, ते त्यात मोजतात. अकोल्यात घाम फुटला होता, इथं वेळ निम्म्यावर आला आणि चुका तीनच. सर खूश झाले. हा सराव दुसऱ्या महाविद्यालयातला आहे हे निष्कर्षात लिहू का, असं तिनं मला फोन करून विचारलं.